बेकारांना कामाला लावायचं कंत्राट

आबोली (कोथरूड)

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या, म्हणून हा धागा. सकाळी आमच्या स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, पोरीला सरकारी योजनेतून शिकवून नोकरीला लावलं त्या क्लासवाल्यांचा फोन आला होता. दुकानासमोर उभी राहून फोटो काढ आणि पाठव म्हणतात." संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय संपल्यावर एका गृहस्थांनी आपणहून ऐकवलं, की सरकारने बेकारांना फुकट पैसे वाटण्यापेक्षा त्यांना नोकरीला लावायचं काम एखाद्या खासगी कंपनीला देऊन टाकावं, महिन्यात सगळे कामाला लागतील.

मीटिंगमध्ये मी काही बोलले नाही. पण हे काम मी स्वतः केलंय, पगार घेऊन, अडीच वर्षं.

२०११ ते २०१३ आम्ही ब्रिटनमध्ये, लेस्टरला होतो. तिथल्या सरकारने जून २०११ मध्ये 'वर्क प्रोग्रॅम' सुरू केला होता. देशभर ४० कंत्राटं, ती १८ मुख्य कंपन्यांकडे, आणि त्यांच्या हाताखाली पोटकंत्राटदार. पोटकंत्राटदारांपैकी एका कंपनीत मी 'अ‍ॅडव्हायझर' होते. नाव लिहीत नाही, विचारू नका. वर्षभर बेकारभत्ता घेतलेला माणूस (पंचविशीच्या आतला असेल तर नऊ महिन्यांनी) सरकारी जॉबसेंटरमधून आमच्याकडे यायचा, आणि मग दोन वर्षं तो आमच्या गळ्यात किंवा आम्ही त्याच्या.

कंपनीला पैसे मिळायचे ते निकालावर. माणूस नावावर चढला की थोडेसे, तेही वर्षागणिक कमी होत जाणारे. खरी रक्कम त्याची नोकरी सहा महिने टिकल्यावर, अवघड लोकांच्या बाबतीत तीन महिन्यांवर. त्यापुढे तो टिकून राहील तसतसे हप्ते. एका माणसामागे जास्तीत जास्त सुमारे ३,८०० पौंडांपासून १३,७०० पौंडांपर्यंत, तो कुठल्या गटात बसतो त्यावर. अवघड माणसाला जास्त भाव, म्हणजे कंपन्या अवघड माणसांकडे वळतील, असा हिशोब. कागदावर मलाही तो फार आवडला होता.

गोम अशी की गट ठरायचा तो बहुतेक करून माणसाचं वय काय आणि तो कुठला भत्ता घेतो यावर. त्याची अडचण काय आहे, हे त्यात कुठेच नव्हतं. माझ्या यादीत एक तिशीतला पदवीधर होता, ऑफिस बंद पडल्यामुळे घरी बसलेला. त्याच यादीत एक ५४ वर्षांचे गृहस्थ होते, होजिअरीच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढलेले. दोघं एकाच गटात, दोघांचा भाव एकच. आता कंपनी कोणाच्या मागे लागेल?

आमच्या स्क्रीनवर प्रत्येक नावासमोर एक रंग असे: हिरवा, पिवळा, लाल. हिरव्याला दर आठवड्याला बोलवायचं, इंटरव्ह्यूसाठी शर्ट आणि बसचं भाडंसुद्धा द्यायचं. लाल म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा दहा मिनिटं, कित्येकदा फोनवरच. या धंद्यात दोन शब्द रूढ होते, 'क्रीमिंग' आणि 'पार्किंग'. वरची साय काढून घ्यायची आणि भांडं बाजूला सरकवून ठेवायचं.

ते ५४ वर्षांचे गृहस्थ लाल होते. दर वेळी फॉर्म पुढे केला की खिसे चाचपायचे आणि म्हणायचे, चष्मा घरी राहिला. चौथ्या की पाचव्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांच्यासमोर वर्तमानपत्र धरलं आणि फोटोतल्या फुटबॉलपटूचं नाव विचारलं. ते त्यांनी पटकन सांगितलं. चष्म्याचा काही संबंधच नव्हता, वाचताच येत नव्हतं. मी साक्षरतेच्या वर्गाचा खर्च मागितला. मॅनेजर म्हणाली, "वर्ग वर्षभर चालेल. त्यानंतर नोकरी, त्यानंतर सहा महिने. तोवर तो आपल्याकडे असेल का?" तिचं गणित बरोबर होतं.

पुढे एका भेटीला ते आलेच नाहीत. तारीख पत्राने गेली होती. ऑक्टोबर २०१२ नंतर नियम आणखी कडक झाले होते. भेट चुकली की आम्ही 'शंका' नोंदवायची आणि निर्णय सरकारी अधिकाऱ्याने घ्यायचा. ती शंका मी नोंदवली. चार आठवडे भत्ता बंद झाला. ज्याला वाचता येत नाही हे मला माहीत होतं, त्याला पत्र वाचलं नाही म्हणून.

बोला आता.

पेठेतला

लेख चांगला आहे, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. फुकट पैसे द्यायचेच कशाला? आमच्या आजोबांनी वार लावून शिक्षण घेतलं, त्यांना कोणी भत्ता दिला नाही.

आबोली

@पेठेतला, वार लावून जेवले म्हणजे सात घरांनी भत्ताच दिला की! फक्त तो ताटात दिला. आणि तिकडचा भत्ता आठवड्याला ७१ पौंड होता. त्यात कोणी ऐश करत होतं अशातला भाग नाही.

खारूताई

वाराचा मुद्दा फ्रेम करून लावावा असा आहे.

रमा

दुकानात फुकट राबवून घेतलेल्या मुलीची केस ती हीच का?

आबोली

त्याच काळातली, योजना वेगळी. भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी होती, संग्रहालयात विनामोबदला काम करत होती, त्याच क्षेत्रात शिरता यावं म्हणून. तिला ते सोडायला लावून दोन आठवडे पाउंडलँड नावाच्या दुकानात फळ्या पुसायला आणि माल लावायला पाठवलं, नाही गेलीस तर भत्ता जाईल असं सांगून. अपील कोर्टाने फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यामागचे नियमच बेकायदा ठरवले. मग सरकारने मार्चमध्ये घाईघाईने मागच्या तारखेपासून लागू होणारा कायदा करून घेतला, नाहीतर कापलेले भत्ते परत करावे लागले असते. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात सगळे हळू आवाजात बोलत होते.

जोशीबुवा

आकडे सांगा हो. एका चष्म्यावरून योजना मोडीत काढायची?

आबोली

घ्या. फेब्रुवारी २०१३ मध्येच त्यांच्या संसदेच्या लोकलेखा समितीने पहिल्या चौदा महिन्यांचा हिशोब मांडला. टिकाऊ नोकरीपर्यंत पोचले ३.६ टक्के, सरकारची अपेक्षा होती ११.९ टक्के. पुढच्या वर्षांत आकडे सुधारले, हेही खरं, लपवत नाही. २०१७ मध्ये नवीन माणसं पाठवणं थांबलं.

एक बारीक गोष्ट सांगते, जी अहवालात वाचून समजत नाही. आमच्याकडच्या हिरव्यांपैकी कितीतरी जणांनी नोकरी स्वतःच शोधलेली असायची. कोणाच्या मेव्हण्याने चिकटवलेलं, कोणी गोदामाच्या दारात जाऊन विचारलेलं. आम्ही फक्त फोन करून मालकाचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख टिपून घ्यायचो. त्याचेही पैसे मिळायचे. म्हणून त्या दुकानासमोरच्या फोटोचं ऐकलं आणि मी पोळी लाटता लाटता थांबले. मावशींना वाटलं गॅस संपला.

दक्षिणायन (मेलबर्न)

आमच्याकडे हा प्रकार अजून जुना. ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये सरकारी रोजगार सेवाच मोडून 'जॉब नेटवर्क' नावाने सगळं बाहेर दिलं. मग नावं बदलत गेली. २०१५ मध्ये 'जॉबअ‍ॅक्टिव्ह', जुलै २०२२ पासून 'वर्कफोर्स ऑस्ट्रेलिया'. आता भत्ता चालू राहावा म्हणून महिन्याला १०० गुण जमवायचे, एका अर्जाचे ५. त्यामुळे लोक कशालाही अर्ज करतात. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे दाढी-कटिंगच्या कामासाठी अर्जांचा ढीग येतो, त्यातल्या बहुतेकांनी कात्री धरलेली नसते. त्यांना नोकरी नको असते, ५ गुण हवे असतात. दुकानदारही आता अर्ज उघडत नाही.

याशिवाय 'वर्क फॉर द डोल', म्हणजे भत्त्याच्या बदल्यात काम. २०१६ मध्ये टुवूम्बा इथे त्या कामावर असलेला १८ वर्षांचा मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रेलरवरून पडून गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये संसदेच्या समितीने स्पष्ट लिहिलं, की संपूर्ण खासगीकरणाचा प्रयोग फसला. पंचवीस वर्षांनी.

जुना कारकून

आबोलीताई, धागा उत्तम. एक आठवण सांगतो, लांबली तर क्षमस्व.

बेकाराला काम देणं ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेली नाही, ती महाराष्ट्राने देशाला दिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला छोटा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. आणि पैसा कुठून आणला? पुण्या-मुंबईच्या पगारदाराकडून. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला तो यासाठी, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने घालायची.

माझी सुरुवातीची नोकरी पुरंदर तालुक्यात रोहयोवर झाली. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं. तेव्हा सगळं आलबेल होतं असं मुळीच म्हणणार नाही. एकदा खडीच्या कामावर मस्टर तपासायला गेलो. मस्टरवर तेवीस नावं, उन्हात बसलेली माणसं चौदा. बाकीचे कुठे म्हटलं तर मुकादम म्हणाला, "पाणी प्यायला गेलेत साहेब." विहीर माझ्या पाठीमागेच होती. म्हणजे खोटी हजेरी सरकारी कामावरही होतीच.

पण फरक सांगतो. तिथे आलेल्या बाईला परत पाठवायची सोय नव्हती. अडाणी आहे, म्हातारी आहे, कडेवर पोर आहे, तरी हातोडा द्यावाच लागे. काम नाही दिलं तर बेकारभत्त्याचं बिल सरकारवर. २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही कंत्राटदाराला बंदीच घातली होती. लाल रंग लावायला जागाच नव्हती म्हणा ना.

खारूताई

थांबा थांबा. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला कापले जाणारे ते २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, ते यासाठी सुरू झाले?? बावीस वर्षं हिंजवडीत नोकरी करतेय, मला वाटायचं महापालिकेचं काहीतरी असेल.

जुना कारकून

होय. वर्षाचे २,५०० रुपये.

पेठेतला

काका, मग ते आमचे पैसे खडी फोडायला गेले. पुण्यातल्या बेकाराला काय मिळालं? एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड. माझं अजून कपाटात आहे, नूतनीकरणाच्या शिक्क्यांसकट. एकही कॉल आला नाही. सरकारी खात्याची ही गत असेल तर लोक खासगीकडे बघणारच.

आबोली

@पेठेतला, हा मुद्दा मान्य. तिकडेही कंपन्या आल्या त्या जॉबसेंटरच्या रांगांना लोक वैतागले होते म्हणूनच.

चौथी बॅच

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी पुण्यात सरकारी योजनेतून मुलांना शिकवून नोकरीला लावायचं केंद्र चालवतो, मावशींच्या मुलीच्या क्लाससारखं. म्हणजे तुमच्या गोष्टीतला खलनायक. 😀

आमची बाजू ऐका. तीस मुलामुलींची बॅच. त्यांना गोळा करायला मोबिलायझर ठेवावा लागतो, तो जनता वसाहतीपासून मांजरीपर्यंत दारोदार फिरतो. जागेचं भाडं, ट्रेनर, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन, युनिफॉर्म, सगळं आधी आपल्या खिशातून. सरकारचे पैसे हप्त्यांनी: बॅच सुरू झाल्यावर काही, परीक्षा पास झाल्यावर काही, आणि शेवटचा हप्ता प्लेसमेंटचे पुरावे चढवल्यावर. ग्रामीण भागासाठीची दीनदयाळ उपाध्याय कौशल्य योजना २०१४ मध्ये आली, तिच्यात तर किमान ७० टक्के मुलांना नोकरी लागलीच पाहिजे ही अट. हप्ता कधी येईल ते कोणी सांगत नाही. मागच्या एका बॅचचा शेवटचा हप्ता आला तेव्हा त्यातल्या एका मुलीचं लग्न होऊन बाळ झालेलं.

आता सांगा, पुढच्या बॅचला मी कोणाला घेईन? बारावी झालेली, घरचे बाहेर पाठवणारे, मोबाइल रिचार्ज असलेली मुलं. आठवीत शाळा सोडलेल्या मुलाला बसवून घ्यायची मलाही इच्छा असते हो. एका बॅचला दोघांना घेतलं. दोघं असेसमेंटला नापास, आणि तेवढे पैसे माझे बुडाले. तेव्हापासून मोबिलायझरला सांगून ठेवलंय, मार्कशीट बघूनच आण. ताईंची मॅनेजर मला परकी वाटली नाही.

फोटो आम्ही मागतो कारण पोर्टल मागतं. नोकरी तीन महिने टिकली हे दाखवल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

आबोली

प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. खलनायक कोणी नाही, मीही त्याच टेबलामागे बसत होते. प्रश्न विचारू का? मुलीला नोकरी लागली आणि चौथ्या महिन्यात ती सुटली तर तुमच्या कागदावर ती काय?

चौथी बॅच

प्लेस्ड.

रमा

हे वाचून पोटात गोळा आला. माझ्या भाच्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत काम केलं, २०२४ मध्ये आली ती. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० महिना, आणि पैसे थेट सरकारकडून खात्यात. म्हणजे इथे मधली कंपनी नाही. सहा महिने होते, नंतर पाच वाढवले. तो एका सरकारी कचेरीत डेटा भरायचा. काम खरंच शिकला, नाही असं नाही. पण अकरा महिन्यांनी त्याच खुर्चीवर बसायला दुसरा मुलगा आणि हा घरी. त्याच्या वरिष्ठ मॅडमने निरोपाला पेन दिलं, छान बॉक्समध्ये.

जोशीबुवा

सरकार स्वतः करो नाहीतर कंपनी करो, मागणीच नसेल तर नोकरी कुठून येणार? प्रशिक्षणाने नोकऱ्या निर्माण होत नाहीत, फक्त रांगेतले नंबर पुढेमागे होतात.

दक्षिणायन (मेलबर्न)

जोशीबुवांना पूर्ण अनुमोदन. शंभर गुण जमवले म्हणून गावात कारखाना उघडत नाही.

पेठेतला

मी खासगीच्या बाजूने बोलतोय म्हणून सगळे अंगावर येतायत, पण एक माझ्याच विरुद्ध सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता. दीड महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, मागे घ्यावा लागला. तेव्हा आमच्या कट्ट्यावरचे सगळे खासगीकरणवाले त्या जीआरवर तुटून पडले होते, कारण प्रत्येकाच्या घरात एक स्पर्धा परीक्षेवाला. दुसऱ्याच्या पोराला कंत्राट, आपल्याला पर्मनंट.

खारूताई

पेठेतल्याने पेठेविरुद्ध साक्ष दिली. तारीख लिहून ठेवा.

मुळाकाठी

पुण्यातलंच उदाहरण घ्यायचं तर कचरावेचक बायकांचं घ्या. बाबा आढावांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून त्यांना संघटित केलं, त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेबरोबर करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. कोणी त्यांना 'रोजगारक्षम' केलं नाही. काम त्यांचंच होतं, वर्षानुवर्षं करत होत्या. त्यांना ओळखपत्र, ढकलगाडी आणि दारातून घ्यायचे पैसे मिळाले. लिहिता न येणाऱ्या कितीतरी आहेत त्यात. कंत्राटाची मुदत संपत आली की दर वेळी एखाद्या मोठ्या ठेकेदाराचं नाव हवेत येतं आणि त्या मोर्चा काढतात, तो भाग वेगळा.

जोशीबुवा

आमच्या सोसायटीत त्या ताई अजून ओला-सुका वेगळा केला नाही म्हणून ओरडतात.

खारूताई

बरोबरच ओरडतात. करा ना वेगळा.

मुळाकाठी

😀 धागा कचऱ्यात नेल्याबद्दल क्षमस्व. @आबोली, त्या चष्मावाल्या काकांचं पुढे काय झालं?

आबोली

माहीत नाही. भत्ता बंद होता त्या महिन्यात ते एकदा आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच चष्मा घालून आले होते. कुठल्याही दुकानात मिळतो तसला स्वस्तातला, वाचायचा. मी काही बोलले नाही, त्यांनीही नाही. मी फॉर्म मोठ्याने वाचत गेले, ते मान हलवत गेले आणि मी दाखवलं तिथे सही केली. डिसेंबरात आम्ही पुण्याला परत आलो. त्यांची दोन वर्षं पूर्ण झाली असतील आणि फाइल जॉबसेंटरला परत गेली असेल. स्क्रीनवर कारण निवडायच्या यादीत त्यासाठी एक शब्द होता, 'पूर्ण'.

मावशींच्या मुलीचं मात्र सांगते, आज नीट विचारून घेतलं. केंद्राने तिला हिंजवडीच्या मॉलमध्ये लावलं होतं. दांडेकर पुलावरून तीन बस बदलून जायचं, रात्री साडेदहाला परत. पाचव्या आठवड्यात सोडलं. मग मावशींनी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, त्यांच्या ओळखीने लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात लागली. चालत जाते. फोटो केंद्राला हवाय तो या दुकानासमोरचा. मुलगी विचारतेय, पाठवू का? मावशी म्हणतात, पाठवायचा तर आधी वरच्या काकूंना पेढे.

पेठेतला

मुळीच पाठवू नका. केंद्राने काय केलं?

रमा

पाठव म्हणावं. उद्या पुढचा कोर्स करायचा झाला तर त्यांच्याशी वाकडं कशाला? शिवाय सर्टिफिकेट अजून त्यांच्याकडेच अडकलं असेल.

आबोली

रमा, हो, सर्टिफिकेट त्यांच्याकडेच आहे.

चौथी बॅच

ताई, माझं केंद्र नसावं अशी आशा आहे. सर्टिफिकेट अडवून ठेवता येत नाही, ते तिने आजच जाऊन मागून घ्यावं, फोटोशी त्याचा संबंध नाही. आणि नुसत्या फोटोवर त्यांचं कामही भागणार नाही. पगाराची स्लिप नाहीतर बँकेत पगार जमा झाल्याची नोंद लागते. तिला स्लिप मिळते का?

आबोली

विचारलं. स्लिप नाही. सात तारखेला पाकीट मिळतं, त्यावर मालक पेन्सिलने आकडा लिहितात. पाकीट परत द्यायचं असतं, पुढच्या महिन्यासाठी.